निकोडिमसचा सातबारा

(गेल्या अंकात कॅन्ससमधल्या गव्हाच्या सुगीबद्दल लिहिताना निकोडिमस या गावाचा दोन ओळींत उल्लेख केला होता: आमच्या हेज शहरापासून तासाभरावरचं, चौदा वस्तीचं गाव, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये वसवलेलं. सुगीबद्दल कुणीच काही विचारलं नाही, सगळी पत्रं या दोन ओळींवर आली. त्यातली काही इथं घेतली आहेत.)

चौदा माणसांना गाव कसं म्हणता? आमच्याकडे एवढ्यांना वस्तीसुद्धा म्हणत नाहीत, फार तर एक भावकी म्हणतील.
निवृत्त ग्रामसेवक, बार्शी

भाऊसाहेब, प्रश्न ग्रामसेवकालाच शोभतो. २०२० च्या जनगणनेत निकोडिमसची लोकसंख्या १४ भरली हे खरं आहे. दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, पोस्ट ऑफिस १९५३ मध्ये बंद झालं, शाळाही कधीच मिटली. २४ नंबरच्या हायवेवरून जाताना पाटीकडे लक्ष गेलं नाही तर गाव मागं पडलेलंही कळत नाही.

पण शिरगणती करणारा रात्री मुक्कामाला कोण होतं ते मोजतो. जमीन कुणाच्या नावावर आहे, पुरलेली माणसं कुणाची आहेत, जत्रेला कोण येतं, हे तो मोजत नाही. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी निकोडिमसला जा. डेन्व्हर, टोपिका, कॅन्सस सिटी, पार कॅलिफोर्नियापासून गाड्या येतात, शेकड्यांनी माणसं जमतात. मिरवणूक निघते, जेवणावळी होतात, रविवारी चर्चमध्ये उपासना. कुणाची पणजी कुणाची चुलत आजी लागते याचे हिशेब झाडाखाली बसून चालतात. मुंबईचे चाकरमानी देवाच्या पालखीला गावी येतात तसंच हे. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिशांनी वेस्ट इंडीजमधली गुलामी कायद्यानं संपवली, त्या दिवसाची आठवण म्हणून हा सण सुरू झाला. गाव वसल्यावर दुसऱ्याच वर्षापासून तो पाळला जातो.

आता गाव वसलं कसं ते. एप्रिल १८७७ मध्ये गाव वसवण्यासाठी टाउन कंपनी स्थापन झाली. सात जण होते, सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा. गोरा म्हणजे डब्ल्यू. आर. हिल, जमिनीचे प्लॉट पाडून विकायच्या धंद्यातला. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ, हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. केंटकीत पत्रकं वाटली गेली: कॅन्ससला या, जमीन आहे, आपलं गाव आहे. कॅन्सस म्हटलं की त्या काळी त्या लोकांना जॉन ब्राउन आठवायचा, गुलामीविरुद्ध हत्यार उचलून फाशी गेलेला. त्यामुळे या नावाला वजन होतं.

केंटकी हे राज्य यादवी युद्धात फुटून निघालं नव्हतं. म्हणून लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथं लागूच नव्हता. तिथल्या गुलामांना सुटायला डिसेंबर १८६५ ची घटनादुरुस्ती व्हावी लागली. म्हणजे सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेच्या वर माणसं कॅन्ससच्या गाडीत बसली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना कायद्यानं माणूस होऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. अशा माणसांनी गाव वसवून ते दीडशे वर्षं नावानं टिकवलं, म्हणून मी गाव म्हणते. तुम्ही तुमच्या दप्तरात काय लिहायचं ते लिहा.

सुरुवातीला लोक जमिनीच्या पोटात राहत होते असं कुठं तरी वाचलं. हे शब्दशः खरं आहे का?
शिक्षिका, सातारा

शब्दशः. त्या मुलखात झाड म्हणाल तर फक्त नदीकाठी. आजही आमच्या हेजच्या आसपास मैलोनमैल कुंपणाला दगडी खांब दिसतात, कारण लाकडी खांबाला लाकूडच नव्हतं. घराला कुठून येणार? मग उतार बघून कडेत खोदायचं, पुढच्या बाजूला गवताळ मातीचे चौकोनी गठ्ठे रचायचे, वरती फांद्या, गवत, माती. धुराडं तेवढं जमिनीच्या वर.

विलियाना हिकमन या बाईंनी आपलं येणं पुढे सांगून ठेवलं आहे. १८७८ च्या वसंतात त्या नवऱ्याबरोबर आणि मुलाबाळांसह केंटकीहून निघाल्या. रेल्वे एलिसपर्यंतच. तिथं मुक्कामात गोवर पसरला आणि त्यांच्या जथ्यातली काही मुलं दगावली. पुढं सुमारे ३५ मैलांचा माळ, रस्ता नाही, होकायंत्र बघून दोन दिवस चालणं. शेवटी पुरुष ओरडले, आलं निकोडिमस. बाईंनी बघितलं तर काहीच नाही. कुठंय, म्हणून विचारलं तेव्हा नवऱ्यानं जमिनीतून निघणाऱ्या धुराच्या रेघा दाखवल्या. बाई सांगतात, मला रडू आलं.

सगळ्यांच्या गोष्टीत पूर्वजांचा पराक्रम असतो. हिकमनबाईंनी रडू सांगितलं आणि ते कुणी पुसून टाकलं नाही, हे मला फार आवडतं.

आधी आलेल्यांपैकी बरेच जण ते दृश्य पाहून परत फिरले, हेही खरं. जे राहिले त्यांची अवस्था कठीण होती. सप्टेंबरात आलेले, म्हणजे पेरणीचा हंगाम हातचा गेलेला. बैल-घोडे नाहीत, नांगर नाहीत. फावड्यानं, कुदळीनं माळ फोडला. तिथलं मूळचं गवत असं की मुळांचं जाळंच हात-दीड हात खोल जातं. पहिला हिवाळा कसा निघाला याबद्दल गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं: शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याकडचं मांस दिलं. ओसेजांना स्वतःला त्याआधी कॅन्ससमधून हुसकावून लावलेलं होतं. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना जमीन मिळाली त्यांना जगवलं. या गावाबद्दल बोलताना हा भाग बरेच जण घाईनं उरकतात.

शाळा मात्र आधी सुरू झाली. जेनी फ्लेचर या पहिल्या शिक्षिका, नवरा झकरी फ्लेचर पहिला पोस्टमास्तर. बाई, तुमच्या शाळेत छप्पर गळतं असं लिहिलंय तुम्ही, तर तेवढ्यासाठी सांगते: यांच्या पहिल्या शाळेचं छप्पर म्हणजे वरची जमीन होती.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती. या गावाशी त्याचा काही धागा लागतो का?
एम. ए.चा विद्यार्थी, पुणे

थेट धागा नाही, आणि ओढूनताणून जोडूही नये. पण साल शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. 'गुलामगिरी' १८७३ ची. निग्रो दास्याच्या कामी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी दाखवलेलं औदार्य आणि सोसलेली झीज यांचं कौतुक करून जोतीरावांनी ती अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा अशी आशा धरली. चार वर्षांनी निकोडिमस वसलं.

पुण्यात पोचली होती ती सुटकेची बातमी. सुटका झालेल्या माणसाच्या हाती काय आलं, ही पुढची बातमी फार वाईट होती. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मननं दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना जास्तीत जास्त चाळीस एकर अशी वाटायचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांना परत केल्या. दक्षिणेत बहुतेकांच्या नशिबी पुन्हा त्याच मालकाचं शेत आलं, आता वाट्यानं. बियाणं त्याच्याकडून उधार, हिशेब त्याच्या वहीत. हा प्रकार तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी.

कॅन्ससमध्ये १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायचे. थोडीशी फी भरायची, पाच वर्षं राहून जमीन कसायची, मग पट्टा स्वतःच्या नावावर. निकोडिमसला लोक आले ते या कागदासाठी. स्वातंत्र्य, स्वाभिमान वगैरे शब्द स्मारकाच्या फलकांवर आहेत आणि ते खोटे नाहीत, पण मी हिशेबनीस बाई आहे, माझं लक्ष कागदाकडे जातं. तुम्ही अभ्यास करणार असाल तर चर्चचे फोटो काढत बसण्याआधी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, जमीन नोंदी बघा. कुणाचे १६० एकर कधी गहाण पडले, कुणी शेजारचे घेतले, कुणाच्या नातवंडांत तुकडे पडले, गावाचा खरा इतिहास तिथं आहे.

राजकारणही बघा. एडवर्ड मॅकेब १८७८ मध्ये इथं आला, काउंटीचा कारकून झाला, आणि १८८२ मध्ये सबंध कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. मतदार बहुतेक सगळे गोरे. गुलामी संपून सतरा वर्षं झाली होती आणि राज्याच्या तिजोरीचे हिशेब एक कृष्णवर्णीय माणूस तपासत होता.

रेल्वेमुळे गाव बुडालं म्हणतात. रंग बघून रेल्वे वळवली का?
निवृत्त रेल्वे कर्मचारी, दौंड

१८८७ मध्ये निकोडिमसला दुकानं होती, हॉटेल होतं, बँक होती, दोन वर्तमानपत्रं होती. पैकी एकाचं नाव 'वेस्टर्न सायक्लोन', यावरून हवा कशी असते तेही कळतं. मिसूरी पॅसिफिक कंपनीनं यावं म्हणून लोकांनी १६,००० डॉलरच्या कर्जरोख्यांना मत दिलं. ती आली नाही. युनियन पॅसिफिक आली, पण १८८८ मध्ये तिनं रूळ टाकले ते काही मैलांवर, सॉलोमन नदीच्या पलीकडच्या अंगानं. तिथं मजुरांचा तळ पडला, त्याचं पुढं बोग नावाचं गाव झालं. निकोडिमसचे दुकानदार एकेक करत नदी ओलांडून तिकडं गेले.

रंगाचा प्रश्न. तुम्ही रेल्वेत आयुष्य काढलंय, तुम्हाला ठाऊक असेल की अलाइनमेंट ठरवताना कुणाचं काय पोटात असतं ते फायलीत येत नाही. त्या दशकात रेल्वेनं कॅन्ससमधली कितीतरी गोऱ्यांची गावंही अशीच वाळीत टाकली, कारण नव्या जागी प्लॉट पाडून विकण्यात पैसा होता. त्यामुळे नुसता रंग म्हणणं मला पटत नाही. रंगाचा काहीच संबंध नव्हता असंही मी म्हणणार नाही. गोऱ्या गावांचे वकील आणि आमदार राज्याच्या राजधानीत, टोपिकात बसलेले असायचे. निकोडिमसचा एक मॅकेब होता आणि तोही तोवर पदावरून उतरला होता.

माझं म्हणणं एवढंच की बुडाला तो बाजार. शेतं जिथल्या तिथं राहिली आणि शेतकरीही राहिले. १९०७ मध्ये त्यांनी बाप्टिस्ट चर्च बांधलं, १९१८ मध्ये शाळेची नवी इमारत. रेल्वे गेल्यावर तीस वर्षांनी शाळा बांधणारं गाव मेलेलं नसतं. खरा घाव १९३० च्या दशकात बसला, धुळीची वादळं, पडलेले भाव आणि दुष्काळ एकदम. १९३५ पर्यंत गावात ७६ माणसं उरली.

आमच्या पिढीनं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं चरित्र मराठीत पारायण करावं तसं वाचलं. ते याच भागातले ना?
गृहिणी, डोंबिवली

जन्म मिसूरीचा. पण हो, ते या भागात शेतकरी होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. कॅन्ससमधल्या हायलँडच्या कॉलेजनं आधी प्रवेश दिला आणि हा मुलगा काळा आहे असं समोर दिसल्यावर नाकारला. त्यानंतर १८८६ मध्ये ते नेस काउंटीत बीलर गावाजवळ १६० एकरांवर बसले. निकोडिमसच्या ग्रॅहम काउंटीपासून दक्षिणेला, मध्ये एक काउंटी. गवताळ मातीच्या गठ्ठ्यांचं घर त्यांनी स्वतः बांधलं, पाणी लागेना, पाऊस रुसलेला. दोनेक वर्षांत ते तिथून निघाले. भुईमुगाचा एवढा मोठा जाणकारही या मातीत रमला नाही, हे मी आमच्याकडच्या नव्या शेतकऱ्यांना मुद्दाम सांगते.

तिथं आज काय पिकतं? कोण कसतं? दिवस कसा जातो? आमच्याकडं मालदांडी ज्वारी आहे, म्हणून उत्सुकता.
तरुण शेतकरी, मंगळवेढा

दादा, तुमच्या पत्राची वाटच बघत होते. तुम्ही मंगळवेढ्याचे आणि मी बार्शीकडची, आपली दोघांची जमात एकच, आभाळाकडे बघणारी.

तर ऐका: ज्वारी आहे! कॅन्सस हे अमेरिकेत ज्वारी पिकवण्यात पहिल्या नंबरचं राज्य. इथं तिला मायलो म्हणतात. ताट कमरेएवढंच, कणीस तांबूस, म्हणजे कंबाइननं कापायला सोयीचं. जूनच्या आसपास पेरतात, ऑक्टोबरात काढतात. आणि खातं कोण? गुरं, इथेनॉलचे कारखाने आणि परदेशी गिऱ्हाईक. पहिल्या वर्षी मी शेतावरून पिशवीभर आणून दळली, तर ऑफिसात सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी पेंड शिजवून खाते. भाकरी झाली, पण मालदांडीची चव नाही, खोटं कशाला बोलू.

मुख्य पीक मात्र गहू. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, तो थंडीत बर्फाखाली झोपतो, जूनच्या अखेरीस काढणी. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही मनाला येईल तसा. म्हणून तीन वर्षांत दोनच पिकं घेतात: गहू, मग जवळजवळ वर्षभर नुसतं धसकट, मग मायलो, मग पुन्हा पड. पड ठेवायची ती ओल साठवायला. तुमच्या आजोबांना हे सांगा, ते म्हणतील यात नवीन काय.

मी एका सहकारी धान्य कोठाराच्या काट्यावरचे हिशेब बघते. मालक शेतकरीच, सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा, सभेत भांडणं, सगळं आपल्यासारखं. सुगीत ट्रक काट्यावर येतो, वरून सळई घालून नमुना काढतात, ओलावा बघतात, वजन होतं, पावती निघते. आणि इथं तुमच्या 'कोण कसतं'चं उत्तर आहे. एकाच ट्रकची पावती कित्येकदा दोन-तीन नावांवर फुटते. या भागात जुनी चाल अशी की दोन वाटे कसणाऱ्याचे आणि एक वाटा जमीनमालकाचा. कसणारा इथं असतो, मालक डेन्व्हरला नर्स असेल नाहीतर टोपिकाला शिक्षक. सगळ्या पश्चिम कॅन्ससमध्ये हे असंच चालतं, निकोडिमसच्या जमिनीही त्याला अपवाद नाहीत. त्या गावच्या वंशातली काही कुटुंबं अजून स्वतः कसतात, पण फार थोडी. काहींनी विकून टाकलं. काहींनी नाव तेवढं राखलंय, आणि पणजोबांच्या १६० एकरांतल्या आपल्या हिश्श्याचा छोटासा चेक त्यांना दरसाल जातो. त्या चेकवर कुणाचं घर चालत नाही. तरी विकत नाहीत.

गावं रिकामी का झाली, तर १६० एकरांवर १८८० मध्ये कुटुंब जगायचं, आता हजार-दोन हजार एकर कोरडवाहू असली तरी नवरा-बायकोपैकी एकाला नोकरी लागतेच. यंत्र मोठं झालं तशी शेजाऱ्यांची संख्या घटली. हे काळ्या-गोऱ्या सगळ्या गावांचं झालं. सबंध ग्रॅहम काउंटीत आज अडीच हजारांच्या आसपास माणसं आहेत, तुमच्या एका मोठ्या गावाइतकी.

दिवस म्हणाल तर किराणा, दवाखाना, शाळा, कचेरी सगळं हिल सिटीला, निकोडिमसहून पंधरा मिनिटं. रस्त्यात समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून बोट उचलतो, ओळख असो नसो. सकाळी कोऑपच्या, म्हणजे सहकारी कोठाराच्या, ऑफिसात फुकटची कॉफी, त्यावर भाव आणि पाऊस यांची चर्चा. शाळा इतक्या लहान की (अमेरिकन) फुटबॉलला अकरा पोरं जमत नाहीत, म्हणून आठ-आठ जणांचे संघ खेळतात. तरी निकोडिमसनं व्हेरिल स्वित्झर दिला. १९३२ चा जन्म, कॅन्सस स्टेट विद्यापीठात खेळला आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघानं त्याला देशभरातल्या निवडीत चौथ्या क्रमांकावर उचललं. शेतावर वाढलेलं पोरगं. तुमच्याकडं कुस्तीत असतात तशी.

मुलगा डेन्व्हरला आहे, जुलैत येतोय आम्ही. बघण्यासारखं काय?
जोडपं, नाशिक

डेन्व्हर किंवा कॅन्सस सिटी, दोन्हीकडून गाडीनं चार-पाच तास. १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. १९३९ मध्ये बांधलेल्या दगडी टाउनशिप हॉलमध्ये पार्क सर्व्हिसचं (अशी स्थळं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं) माहिती केंद्र आहे, तिथं आधी जा. मग जुनी चर्चं, शाळा, आणि फ्लेचरांचं १८८१ चं सेंट फ्रान्सिस हॉटेल. काही इमारती बाहेरूनच बघता येतात आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. आतल्या घरांत माणसं राहतात, अंगणात शिरून फोटो काढू नका. पाणी, खाणं आणि पेट्रोल हिल सिटी किंवा स्टॉकटनला घेऊन ठेवा. जुलैत ऊन ३८ अंशांवर जातं, टोप्या विसरू नका. सणाच्या दिवसांत जाणार असाल तर हेजमधली खोली महिनाभर आधी धरा, आणि मिरवणूक सकाळी असते, दुपारी पोचलात तर चुकेल.